कोंढ्याच्या बोलीतला जपानी आवाज

तृप्ती शहारेला जो कोणी पहिल्यांदा फोन लावतो, तो तिला ‘सर’ म्हणतो. “सर, टायपिंगची नवी बॅच कधी चालू होते?” ती सांगते, “एक तारखेले. अन् मी मॅडम आहे.” मग पलीकडून बहुतेक वेळा हसू येतं. वरच्या मजल्यावर रेंज नसते म्हणून ती माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन फोन घेते, त्यामुळे हे हसू गेली बारा वर्षं मीही ऐकत आलोय. मी मंगेश. भंडाऱ्यात माझं पितळी भांड्यांचं दुकान आहे, आणि माझ्या बरोबर डोक्यावर तृप्तीचा टायपिंगचा क्लास आहे. मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी तीस. जिल्ह्यातल्या कितीतरी कचेऱ्यांतले कारकून तिच्याच हाताखाली शिकलेत.

तिच्या बाबतीत या शहरात जे झालं ते मी लिहून ठेवतोय. ते ठरलं त्या बैठकीत मी स्वतः बसलो होतो, आणि एकदाच बोलून गप्प बसलो होतो. त्याचा राग अजून गेलेला नाही. त्यातला अर्धा राग माझ्यावरच आहे.

तृप्ती मूळची पवनी तालुक्यातल्या कोंढ्याची. वडील बाबुलाल लोकांच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातशेतांत, मजुरी करायचे आणि भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला गाणाऱ्या मंडळात पेटी वाजवून गायचे. आजूबाजूच्या गावांत त्यांचा आवाज लांबून ओळखू यायचा. आई वच्छलाबाई धानाच्या रोवणीला गेल्या की चिखलात उभ्या उभ्या गाणं जुळवायच्या. दुसऱ्या दिवशी ते विसरून नवीन जुळवायच्या. अशा घरात जन्मलेल्या या मुलीचा गळा मात्र जाड, खरखरीत. कसला आजार नव्हता, होताच तसा. सूर तिला पक्का कळायचा. वडिलांनी पेटी शिकवली तेव्हा एकदा ऐकलेली चाल लगेच बोटांत यायची. पण तोंड उघडलं की वर्ग हसायचा.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या साली ती सातवीत होती. शाळेच्या समूहगीतात तिनं नाव दिलं. बाईंनी एक ओळ म्हणायला लावली आणि सांगितलं, “तू पेटी वाजव. गाणं ज्यांना गळा आहे त्या म्हणतील.”

“त्या वाईट नव्हत्या, मंगेशभाऊ,” तृप्ती मला एकदा म्हणाली. “पण गाणं बनवणाराबी कोणी राहते, हे मले कोणीच नाही सांगितलं.”

पुढे ती नागपूरला संगणकाचा कोर्स करायला गेली. २००९ साल असेल. वसतिगृहातल्या एका मुलीच्या पेनड्राइव्हवर जपानी गाण्यांचं एक फोल्डर होतं. तृप्तीनं त्यातलं एक लावलं. पातळ, उंच आवाज, कुठे दम लागत नाही, कुठे अडखळत नाही. तिनं विचारलं, “कोण गाते ही?” ती मुलगी म्हणाली, “कोणीच नाही. कॉम्प्युटर गाते. जपानात लोक घरी बसून बनवतात. शब्द टाकायचे, सूर टाकायचे, अन् एकेक अक्षर कसं म्हणायचं ते माउसनं आखायचं.”

तृप्तीनं त्या रात्री जेवणाची घंटासुद्धा ऐकली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. ज्या माणसानं हे गाणं केलं त्याचा गळा कसा आहे, हे जगात कोणी विचारलं नव्हतं.

या गाण्यांना व्होकलॉइड म्हणतात, हे मला खूप उशिरा कळलं. तिनं क्लास सुरू केला तेव्हा मी त्यांना ‘कार्टूनची गाणी’ म्हणायचो. संध्याकाळची बॅच सुटली की वरून तो बारीक आवाज यायचा आणि माझी गिऱ्हाइकं वर बघून विचारायची, “काय होऊन राहिलं वर?” मी हसून म्हणायचो, “मॅडमचं चायनीज चालू आहे.” हे ती ऐकायची. जिन्यावरून उतरताना एकदा थांबली आणि म्हणाली, “चायनीज नाही, जपानी. अन् तुम्ही एकदा वर येऊन ऐका. समजून सांगते. मंग हसा.”

मी गेलो, ते फक्त वाद नको म्हणून.

तेव्हापासून तिनं दर रविवारी सकाळी अकरा वाजता बैठक लावली. आम्ही तिघं यायचो. मी, वीज खात्यातला लाइनमन धर्मेंद्र, आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या परिचारिका ललिताबाई. ललिताबाई खाली माझ्याकडे घागर घ्यायला आल्या होत्या आणि आवाज ऐकून वर गेल्या त्या गेल्याच. की-बोर्ड बाजूला सरकवून आम्ही टायपिंगच्याच खुर्च्यांवर बसायचो. नेम असा होता की आधी एक जुनं गाणं, मग एक नवं, आणि दोन्हींच्या आधी तृप्ती अर्थ सांगणार. जपानी ती वहीतून आणि इंटरनेटवरून शिकली होती. पवनीजवळच्या महास्तूपाला फेब्रुवारीत जपानी पाहुणे येतात, तेव्हा वच्छलाबाईंसोबत जाऊन त्यांच्याशी बोलून तिनं ती पक्की केली होती. तिथल्या एका वयस्क बाईंना तिनं ही गाणी ऐकता का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या होत्या, “मी नाही, माझा मुलगा ऐकतो. बेचाळीसचा आहे. ऑफिसातून येतो आणि हेच लावतो.”

मला आठवतं, एका रविवारी तिनं एकाच माणसाची दोन गाणी लावली. पहिलं दहा वर्षांपूर्वीचं. शाळेत बूट ठेवायच्या कप्प्यात मैत्रिणीची ओली छत्री राहून गेली आहे, आणि ती मैत्रीण दुसऱ्या गावी गेली आहे, एवढंच. दुसरं त्याच माणसाचं, गेल्या वर्षीचं. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात तो यंत्रातून चहा काढतोय, आत आई आहे, आणि चहा कोणासाठी काढला हे त्यालाच आठवत नाही. दोन्ही गाण्यांत आवाज तोच. “आवाज तसाच्या तसा आहे,” तृप्ती म्हणाली, “पण बनवणाऱ्याचं वय वाढलं. अन् ऐकणाऱ्याचंबी.” धर्मेंद्र खिडकीतून बाहेर बघत बसला. त्याची आई त्या महिन्यात आयसीयूत होती. ललिताबाईंनी चाळीस वर्षं असे व्हरांडे पाहिले होते. त्या म्हणाल्या, “हे पोरासोरांचं गाणं नव्हे, मॅडम. ज्यानं भोगलं त्याचं आहे.”

त्या दिवसापासून मी ‘कार्टून’ हा शब्द टाकला.

बाबुलाल २०१९ मध्ये गेले. मंडळात इतकी वर्षं गायले, पण त्यांच्या आवाजाची एकही धड ध्वनिफीत कोणी करून ठेवली नव्हती. तृप्तीला याचं फार लागलं. “बाबाचा आवाज गेला. आता आईचं गाणं तरी धरून ठेवतो का नाही आपण?” असं म्हणत तिनं आईला भंडाऱ्याला आणलं आणि बांधीतली गाणी आठवायला लावली. वच्छलाबाईंना एक आठवलं. नवरा कामाला परगावी गेलाय, बाई तळ्याच्या पाळीवर उभी आहे. बाकीचे शब्द त्यांनी तिथेच बसून नवीन जुळवले. चाल तृप्तीनं पेटीवर बांधली. आता गायचं कोणी? वच्छलाबाईंचा दम तुटत होता. तृप्तीचा गळा हा असा. तिनं जपानी आवाजाचं ते सॉफ्टवेअर विकत घेऊन ठेवलं होतंच. ती पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, “हीच गाईल.”

ते सोपं नव्हतं. जपानी भाषेत आपली बरीच अक्षरं नाहीतच. ळ नाही, ण नाही. ल आणि र वेगळे नाहीत. ‘भ’ हवा तर ‘ब’च्या शेपटीला ‘ह’ची फुंकर जोडायची, ‘ल’ हवा तर ‘र’च्या आधी क्षणभराचा ‘न’ चिकटवायचा. पडद्यावर प्रत्येक अक्षराची एक बारीक पट्टी असते. तिची लांबी, चढ, उतार, कंप, दोन पट्ट्यांमधला श्वास, सगळं हातानं आखायचं. एका ओळीला तिचा एक रविवार जायचा. ‘तळ्याच्या पाळीवर’ या दोन शब्दांतल्या ळसाठी ती दोन महिने खपली. काही केल्या तो आवाज ‘तऱ्याच्या पारीवर’ असंच म्हणायचा. शेवटी तिनं कंटाळून डोकं टेबलावर टेकवलं.

वच्छलाबाई मागे शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काहून व, बरोबरच त म्हनून राहिली ते. तऱ्याच्या पारीवर. आपून तसंच म्हनतो न.”

तृप्तीनं मान वर केली.

झाडीबोलीत, म्हणजे आमच्या भागातल्या बोलीत, ळ नाहीच. कोंढ्याला म्हातारी माणसं डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात, तळ्याला ‘तरा’, पाण्याला ‘पानी’. तृप्ती शाळेत शिकली, नागपूरला राहिली, मराठी टायपिंग शिकवते, म्हणून ती ळच्या मागे लागली होती. आईच्या तोंडात जे होतं तेच त्या जपानी आवाजाला आपसूक येत होतं. तिनं सगळे ळ आणि ण काढून टाकले आणि आई बोलते तसं गाणं परत आखलं.

तऱ्याच्या पारीवर दिस गेला सरून,
डोरा माहा बसला वाटेले धरून.

गाणं पुरं झालं तेव्हा आम्ही चौघं ऐकायला होतो. वच्छलाबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, “पोरगी कोन्या गावची आहे?” आम्ही हसलो. त्यांना हसू आलं नाही. “चांगली गाते,” त्या म्हणाल्या. तृप्तीनं ते गाणं इंटरनेटवर टाकलं. सहा दिवसांनी ओसाकाच्या एका माणसानं खाली लिहिलं की तो सतरा वर्षं या आवाजात गाणी करतोय, पण या आवाजातून ‘भ’ निघू शकतो हे त्याला माहीत नव्हतं, कसा काढलात? तृप्तीनं त्याला जपानीत एक पानभर उत्तर लिहिलं. ते उत्तर पाठवून ती खाली आली आणि माझ्या दुकानातल्या घागरी उगाच पुसत उभी राहिली, इतकी ती खूश होती.

आणि आता मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो तिथे येतो.

आमच्या शहरात एक कला मंच आहे. नाव लिहीत नाही. दर डिसेंबरात त्यांचा महोत्सव असतो. अध्यक्ष सोमाजी सर, निवृत्त संगीतशिक्षक, मानाचा माणूस. बक्षिसांच्या पितळी समया माझ्या दुकानातून जायच्या, म्हणून मी निवड समितीत होतो. गाण्यातलं मला काय कळतं ते देवच जाणे. त्या वर्षी त्यांनी स्वरचित गीतांची स्पर्धा ठेवली. गाणं पेनड्राइव्हवर द्यायचं, सोबत अर्ज. मीच तृप्तीला म्हटलं, दे. तिनं अर्जात काही लपवलं नाही. शब्द: वच्छला बाबुलाल शहारे. चाल आणि आवाजाची मांडणी: तृप्ती शहारे. गायक: संगणकी आवाज, जपानी.

समितीत आम्ही पाच जण होतो. अकरा गाणी होती. अर्ज बाजूला ठेवून आधी नुसती गाणी ऐकायची, असं सरांनीच ठरवलं होतं. सातवं गाणं लागलं. सरांनी चष्मा काढला. संपल्यावर म्हणाले, “परत लावा.” दुसऱ्यांदा ऐकून म्हणाले, “काय गायली आहे बाई! गळा बारीक आहे, पण बोलीवरून सत्तरीची तरी असेल. सिहोऱ्याकडचा गळा वाटतो हा. असा अस्सल उच्चार आता राहिला कुठे?”

मी मनातल्या मनात फुगलो होतो. मग सरांनी अर्ज उघडला.

वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. “ही काय थट्टा आहे? गायक संगणक? म्हणजे एआय!” दुसरे एक सभासद म्हणाले, “मला तर उच्चारच अशुद्ध वाटले होते. तऱ्याच्या म्हणे.” तेच गृहस्थ दोन मिनिटांपूर्वी मान डोलवत होते! सर म्हणाले, “आपली फसवणूक केली हो या बाईनं.”

मी म्हणालो, “सर, फसवणूक कशी? अर्जात लिहिलंय की. अन् ती दोन वर्षं बसली आहे यावर, मी पाहिलं आहे.”

“मंगेशभाऊ,” सर म्हणाले, “तुम्ही समया द्या. गाण्याचं आमच्यावर सोडा.”

सगळे हसले. मीही थोडा हसलो आणि गप्प झालो. नंतर किती वाक्यं सुचली!

गाणं स्पर्धेतून बाद केल्याचं तृप्तीला कळवल्यावर ती लॅपटॉप घेऊन सरांच्या घरी गेली. मीही सोबत होतो. तिनं पडदा उघडून दाखवला. बाराशेच्या वर पट्ट्या, प्रत्येकीवर हातानं ओढलेली रेघ. सरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही.

“अहो बाई, आजकाल मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या की अर्ध्या मिनिटात गाणं बाहेर येतं. मला काय शिकवता?”

“मंग लिवा दोन ओळी,” तृप्ती म्हणाली. “काढा असं गाणं अर्ध्या मिनिटात. मी बसली आहे इथं.”

“हे बघा, तुमचा आवाज...” सर थांबले. “म्हणजे, ज्यांना गळा नसतो त्यांनी असे मार्ग शोधावेत, माझं काही म्हणणं नाही. पण याला गाणं म्हणू नका.”

तृप्तीनं लॅपटॉप मिटला. “सर, तुम्ही परत लावा म्हणले होते,” ती म्हणाली. “मंगेशभाऊनं सांगितलं मले. एकदा नाही पुरलं तुमाले.” आणि उठली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, जुन्या माणसाचं मत आहे.

महोत्सव शनिवारी दुपारी चारला होता. तृप्ती येणार नव्हती. वच्छलाबाईंना नाच पाहायचे होते म्हणून आली. आम्ही मधल्या रांगेत बसलो. कार्यक्रमातला दुसराच नाच. निवेदिका म्हणाली, “आता सादर होत आहे आपल्या झाडीपट्टीतलं एक पारंपरिक लोकगीत. गीतकार अज्ञात.” हिरव्या लुगड्यांतल्या आठ मुली आल्या आणि गाणं सुरू झालं.

तऱ्याच्या पारीवर दिस गेला सरून.

तीच फाइल होती. तिनं पेनड्राइव्हवर दिलेली, तीच. तृप्तीनं माझ्या मनगटाला धरलं. तिची नखं रुतली. तिला त्यातला प्रत्येक श्वास माहीत होता, कारण प्रत्येक श्वास तिनं कापून जागेवर बसवला होता. सभागृह टाळ्यांचा ठेका धरत होतं. पहिल्या रांगेत सोमाजी सर मान हलवत होते.

वच्छलाबाईंनी विचारलं, “अज्ञात म्हंजे काय व?”

“कोणी लिवलं ते ठाऊक नाही, असं,” तृप्ती म्हणाली.

“ठाऊक नाही?” वच्छलाबाई उभ्या राहिल्या. बांधीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारी बाई ती. दम तुटत असला तरी आवाज होता. “ओ बाई! मी इथं बसली न! माह्यं गानं होय ते. मी लिवलं, माह्या पोरीनं बनवलं. अज्ञात कायले म्हनता?”

मुली नाचता नाचता थबकल्या. कोणीतरी गाणं बंद केलं. एक कार्यकर्ता धावत आला, “आजी, बसा, बसा, कार्यक्रमानंतर बोलू.” मागून कोणीतरी हसलं. तेव्हा तृप्ती उठली, पायऱ्या चढून रंगमंचावर गेली आणि निवेदिकेपुढचा माइक हातात घेतला. तिचा तो जाड आवाज सभागृहभर झाला. काही मुलं खिदळली. ती थांबली नाही.

“हे गाणं पारंपरिक नाही. याचे शब्द वच्छला शहारेचे आहेत, कोंढ्याच्या. चाल माही आहे. हा आवाज मी दोन वर्षं बसून एकेक अक्षर जोडून केला. तुम्ही हे स्पर्धेतून काढलं, काहून का हे गाणंच नाही म्हणे. मंग आज वाजवलं कायले?”

सर जागेवरूनच बोलले, “अहो, चाल लोकगीतासारखी आहे. अन् गायलं कोणीच नाही, तर नाव कोणाचं घालायचं? कॉम्प्युटरचं?”

“अर्जावर तीन ओळी होत्या, सर. वाचल्या होत्या तुम्ही. मंगेशभाऊ होते तिथं.”

सगळे माझ्याकडे वळले. या वेळी मी उभा राहिलो आणि म्हणालो, “होतो. सरांनी मोठ्यानं वाचल्या होत्या.” उशिरा बोललो, पण बोललो.

पडदा पाडला. दहा मिनिटांनी पुढचा कार्यक्रम सुरू झाला. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक बातमीत ‘महोत्सवात किरकोळ गोंधळ’ असं आलं. किरकोळ! एका मजूर बाईचे शब्द, तिच्या मुलीची दोन वर्षं, आणि जिवंतपणी दोघींना अज्ञात करून टाकलं, ते किरकोळ.

मला सगळ्यात चीड कशाची आली, सांगतो. तो आवाज सत्तरीच्या खेडवळ बाईचा आहे असं वाटलं तेव्हा त्यांना तो अस्सल वाटला. तोच यंत्राचा निघाला तेव्हा तो अशुद्ध झाला. आणि कार्यक्रमासाठी गाणं हवं झालं तेव्हा ते सगळ्यांचं, म्हणजे कोणाचंच नाही, असं झालं. तिन्ही वेळा गाणं तेच होतं. बदलत होतं ते एवढंच की त्यामागे कोण माणूस आहे हे त्यांना कबूल करायचं होतं की नव्हतं.

तृप्तीनं मंचाला पत्र लिहिलं. शुद्ध टंकलिखित, जावक क्रमांकासह. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. तेव्हा मोबाइलवर एक संदेश आला, ‘अनवधानाने झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ ना गाण्याचं नाव, ना आईचं. तिनं तिसरं पत्र लिहिलं, “गैरसोय झाली नाही. नाव पुसलं गेलं. ज्या मंचावरून पुसलं त्याच मंचावरून ते सांगा.” ललिताबाईंनी आणि धर्मेंद्रनं त्यावर सह्या केल्या. मी समितीचा राजीनामा दिला आणि कळवलं की दुरुस्ती जाहीर होईपर्यंत माझ्या दुकानातून एकही समई जाणार नाही. यात शौर्य काही नव्हतं. बैठकीतच ठाम बोललो असतो तर ही वेळ आली नसती.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेच्या अर्जात नवा नियम छापून आला: ‘संगणकी आवाजातील गाणी स्वीकारली जाणार नाहीत.’ अख्ख्या जिल्ह्यात असं गाणं करणारी एकच बाई. तिच्या एकटीसाठी नियम केला. तृप्तीनं तो वाचून अर्ज माझ्या काउंटरवर आपटला. “माह्यासाठी नियम करता येते, अन् माह्यं नाव घेता येत नाही!”

पण राजीनाम्याची आणि सह्यांची गावात चर्चा झाली होती. नाचातल्या एका मुलीच्या आईनंही मंचाला जाऊन विचारलं होतं की आमच्या पोरींना कोणाच्या चोरलेल्या गाण्यावर नाचवलं. शेवटी निरोप आला, महोत्सवाच्या दिवशी दुरुस्ती जाहीर करू, दुपारी तीनला या.

आम्ही पावणेतीनला गेलो. सभागृह रिकामं होतं. सतरंज्या उलगडायचं काम चालू होतं, कार्यक्रम चारचा होता. सोमाजी सर माइकजवळ गेले, खिशातून चिठ्ठी काढली आणि रिकाम्या खुर्च्यांना भरभर वाचून दाखवलं, “गतवर्षी सादर झालेल्या गीताच्या गीतकार वच्छला शहारे व संगीतकार तृप्ती शहारे आहेत, याची नोंद घ्यावी.” दहा सेकंदही लागले नाहीत. ते खाली उतरले. “झालं, बाई. समाधान?”

तृप्ती काही बोलायच्या आत वच्छलाबाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. मधल्या खुर्चीवर, जिथे ‘प्रमुख पाहुणे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. पिशवी मांडीवर घेतली.

“मले ऐकू नाही आलं,” त्या म्हणाल्या. “मानसं आले का परत सांग. तवरिक मी बसते.”

“आजी, ती पाहुण्यांची जागा आहे.”

“असू दे. पाहुना आला का त्यालेबी सांग.”

सरांनी तृप्तीकडे पाहिलं. “समजवा तुमच्या आईला.”

“मी काहून समजवू?” तृप्ती म्हणाली आणि आईशेजारच्या खुर्चीवर बसली. मी तिच्या बाजूला बसलो. पाच मिनिटांनी ललिताबाई आल्या, त्याही बसल्या. धर्मेंद्र ड्यूटीवरून कंबरेच्या पक्कडीसकट आला.

माणसं यायला लागली. पाहुणे आले, त्यांना बाजूची खुर्ची द्यावी लागली. चार वाजून दहा मिनिटांनी, सभागृह भरल्यावर, सोमाजी सर परत माइकजवळ गेले. चिठ्ठी त्यांच्या हातात चुरगळली होती. या वेळी त्यांनी हळू वाचलं. ‘संगीतकार’नंतर ते थांबले, आमच्या रांगेकडे पाहिलं आणि चिठ्ठीत नसलेले शब्द बोलले, “आणि आवाजाची मांडणीही त्यांचीच. स्पर्धेत ते गाणं मी दोनदा ऐकलं होतं.”

टाळ्या झाल्या. फार नाही, पण झाल्या. वच्छलाबाई उठल्या, खुर्चीवरची चिठ्ठी नीट दाबून परत चिकटवली आणि पाहुण्यांना म्हणाल्या, “बसा जी आता.” तृप्तीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं घड्याळ पाहिलं. साडेचारची बॅच होती, परीक्षा आठवड्यावर आली होती. आम्ही बाहेर येऊन ऑटोत बसलो तरी तिचा चेहरा निवळला नव्हता.

“अर्जातला नियम आहेच अजून,” ती म्हणाली. “उद्या त्याचं पत्र लिवते.”